आजोबांची कुऱ्हाड भंगारात देण्याआधी हे ऐका

आळेफाटा म्हटलं की आपल्याला एसटी, मिसळ आणि कांद्याचे ट्रक आठवतात. पण याच जुन्नर तालुक्यातल्या हिवरे गावाचा संबंध थेट मुंबईच्या जहाजांशी आणि सागवानाशी येतो. कसा, ते सांगतो.

अलेक्झांडर गिब्सन हे ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर. १८३८ पासून दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे होती, आणि हिवऱ्याच्या बागेत ते औषधी झाडं लावायचे. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. एका डॉक्टरला जंगलं कशाला दिली? कारण सागवान संपत चाललं होतं, आणि सागवान म्हणजे जहाजं! जंगल तुटलं की डोंगरातली माती वाहून खाड्या गाळाने भरतात, हेही गिब्सन सरकारला सांगत होते.

आता गंमत बघा. १८१७ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली, मलबारच्या सागवानाची. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात उभी आहे. जहाज जपलं गेलं. पण ते सागवान ज्या कुऱ्हाडींनी पाडलं, त्या कुठे गेल्या? त्या चालवणारे हात कुणाचे होते?

त्याच मलबारात, केरळमधल्या निलंबूरला, १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली आणि १९९५ मध्ये तिथे सागवान संग्रहालय उभं राहिलं. अंदमानात चॅथमची आरागिरणी १८८३ पासूनची, तिच्या आवारातही संग्रहालय आहे. आपल्याकडे गडचिरोलीत कमलापूरचे हत्ती आहेत. तिथले हत्ती एकेकाळी जंगलातले ओंडके ओढायचे. आज लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढतात, पण त्यांचं जुनं काम फार थोड्यांना माहीत असतं.

मग जुन्नर-आंबेगावात असं संग्रहालय झालं तर त्यात काय ठेवायचं? कुऱ्हाड, कोयता, दोघांनी ओढायची करवत, ओंडक्यावर सरकारी शिक्का मारायचा हातोडा. पण नुसती अवजारं मांडून भागणार नाही. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. महादेव कोळी, ठाकर घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली कुऱ्हाड राखीव जंगलात नेली, की ती गुन्ह्याचा मुद्देमाल व्हायची. तोच सरकारी हातोडा ज्या झाडावर पडला, ते झाड मात्र कायदेशीरपणे तुटायचं. या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे सरकारने मान्य केलं ते २००६ च्या वनहक्क कायद्यात. म्हणून कुऱ्हाड आणि हातोडा एकाच कपाटात, शेजारी शेजारी ठेवायला हवेत. तरच गोष्ट पुरी होते.

संग्रहालय व्हायला वेळ लागेल, इमारत लागेल, पैसे लागतील. तुमच्या खिशातल्या फोनला यातलं काहीच लागत नाही. घरात माळ्यावर जुनं अवजार असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी फोटो काढा. आजी-आजोबांना विचारा: याला आपल्याकडे काय म्हणतात, दांडा कुठल्या लाकडाचा, हे घेऊन कुठे जायचात, कुणी अडवलं होतं का? त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. लोखंड गंजलं तरी घासून ठेवता येतं, पण त्याची माहिती सांगणारं माणूस गेलं की सगळंच गेलं.

भेटू पुढच्या भागात!