दिनविशेष : २१ जानेवारी

वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिलेले नाही, सबब डार्विनचा सिद्धान्त अशास्त्रीय असून तो पाठ्यक्रमातून बदलावा, असे जाहीर विधान औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनास आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी केल्यावर, २०१८ साली आजच्या दिवशी देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून, उत्क्रांतीच्या मूलतत्त्वांविषयी वैज्ञानिकांत वाद नाही व ती वगळणे प्रतिगामी ठरेल, असे निःसंदिग्धपणे बजावले. मनुष्य व आजची वानरे यांचा पूर्वज समान होता, हे प्राथमिक ज्ञान शिक्षणखात्याच्या मंत्र्यास सांगावे लागावे, ही अत्यंत खेदाची गोष्ट होय. नैसर्गिक निवड डोळ्यांदेखत पाहावयाची, तर ती त्याच हंगामात मराठवाड्याच्या शेतांत दिसत होती: बीटी कपाशीच्या विषाने बहुसंख्य गुलाबी बोंडअळ्या मेल्या, ज्या थोड्या तगल्या त्यांचीच प्रजा पिढ्यान्‌पिढ्या वाढली, आणि २०१७ च्या खरिपात वरून धड दिसणारे बोंड फोडावे तो आत सरकी पोखरलेली व कापूस डागाळलेला निघे. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपले सहकारी सत्यपाल सिंह यांना समज दिली खरी. तथापि २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेलाच.