यंत्राच्या पोटातले यंत्र

माझ्या नोकरीची पहिली चार वर्षे एका यंत्राचा दांडा फिरवण्यात गेली. 1968 साली मी एका कचेरीच्या सांख्यिकी शाखेत लागलो, तेव्हा तेथे फॅसिटची हाताने चालवायची गणकयंत्रे होती. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. संध्याकाळी मनगट भरून येई. पण प्रत्येक पायरीचा आकडा तक्त्यात शाईने मांडलेला असे, आणि शंका आली तर शेजारच्या टेबलावरील गृहस्थांना तोच तक्ता पुन्हा करायला सांगता येई. त्यांचे यंत्र निराळे, हात निराळा, उत्तर मात्र तेच यायला हवे. न आले तर दोघांपैकी एकाची चूक, आणि ती सापडेपर्यंत कोणी चहाला उठत नसे.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण माझी भाची. ती मेंदूच्या शास्त्रात संशोधन करीत होती. 2014 च्या दिवाळीत ती आमच्याकडे पुण्याला आली, पण चेहऱ्यावर सणाची कळा नव्हती. चिवड्याची बशी तशीच ठेवून तिने जे सांगितले ते असे. सेहेचाळीस माणसांच्या मेंदूची एमआरआय चित्रे तिच्याजवळ होती. निम्मी माणसे धडधाकट, निम्मी विस्मृतीने ग्रासलेली. आठवणींशी ज्याचा निकटचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग प्रत्येकाच्या मेंदूत किती मोठा आहे हे संगणकाकडून मोजून घ्यायचे होते. धडधाकटांची मोजणी प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर झाली. मग तो संगणक बिघडला, नवा आला, आणि रुग्णांची मोजणी त्या नव्यावर झाली. दोन गटांत ठळक फरक निघाला. सगळे खूश झाले. प्रबंध लिहायला घेतला, आणि तेव्हा तिच्या वाचनात एक निबंध आला.

"मामा, हा फरक माणसांमधला आहे की कॉम्प्युटरांमधला, हेच मला आता सांगता येत नाही," ती म्हणाली.

मी हसलो. संगणक म्हणजे काय आमच्या कचेरीतला नवशिक्या कारकून आहे? पण निबंध वाचला आणि हसू मावळले. तो 2012 साली प्रसिद्ध झालेला. फ्रीसर्फर नावाची मेंदू मोजणारी एक प्रसिद्ध आज्ञावली आहे. संशोधकांनी तीच ती चित्रे तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना आणि निरनिराळ्या संगणकांना मोजायला दिली. आवृत्ती बदलली तेव्हा मेंदूच्या भागांच्या घनफळात सरासरी 8.8 टक्के फरक पडला. आवृत्ती तीच ठेवून नुसता संगणक बदलला, किंवा त्याच्या कार्यप्रणालीची पुढची आवृत्ती घातली, तरी याच्या निम्म्याने फरक उरलाच! आपल्याकडे दशमान मापे येण्यापूर्वी गावोगावची पायली निराळी असे, आणि एका बाजारात मोजलेली जोंधळ्याची रास दुसऱ्या बाजारात कमी भरे. तसाच हा प्रकार. जोंधळे तेवढेच, माप मात्र वेगळे.

या शास्त्रातली आकडेमोड पूर्वी अशी नव्हती. इंग्लंडमधील केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोघांनी माकूळ नावाच्या जलचराच्या जाड मज्जातंतूवर प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत प्रयोग केले. (आपल्या कोकणात माकूळ ताटात येतो, मज्जाशास्त्राने त्याला अमर केले हे तेथे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.) तंतूतून विजेचा स्पंद कसा धावतो याची समीकरणे त्यांनी बसवली. आता ती सोडवायची होती, आणि विद्यापीठात एडसॅक हा संगणकही होता. पण नेमका त्याच वेळी तो दुरुस्तीसाठी सहा महिने बंद राहणार होता. तेव्हा हक्सलीने ब्रुन्स्विगा जातीचे हातयंत्र पुढे ओढले आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. धावत्या स्पंदाचे गणित सुटायला सुमारे तीन आठवडे लागले. गणिताने वेग दिला सेकंदाला 18.8 मीटर, प्रत्यक्ष मोजला तो 21.2 मीटर. 1952 साली हे सारे प्रसिद्ध झाले आणि 1963 साली दोघांना जॉन एकल्ससह नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रुन्स्विगा आणि आमचे फॅसिट एकाच गोत्राचे, म्हणून ही हकीकत वाचताना माझे मनगट उगीचच दुखून आले.

भाचीच्या अडचणीवरचा उपाय मात्र दुसऱ्या केंब्रिजमध्ये जन्मला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच नावाचे गाव आहे. तेथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी 1964 पासून एका प्रश्नाच्या मागे लागले होते. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्रसामग्री, किंमत अफाट, आणि वापरायला माणसे पुष्कळ. त्यांनी युक्ती अशी काढली की एका खऱ्या यंत्रावर अशी आज्ञावली बसवायची, जी प्रत्येक माणसाला एक संपूर्ण यंत्र दिल्याचा भास उत्पन्न करील. वाड्यात चौदा बिऱ्हाडे, आणि प्रत्येकाला वाटावे की आड, ओसरी, परसू सगळे आपलेच. सीपी-40 ही ती व्यवस्था जानेवारी 1967 पासून कामाला लागली आणि ती खरोखरच चौदा आभासी यंत्रे एका वेळी चालवी. 1972 साली व्हीएम/370 या नावाने तिची पुढची पिढी गिऱ्हाइकांपर्यंत पोचली.

घरगुती संगणक आले तेव्हा ही विद्या काही काळ मागे पडली. यंत्रे स्वस्त झाली, वाटून घ्यायची गरज उरली नाही; शिवाय त्यांच्या प्रोसेसरची घडणही या भासाला अनुकूल नव्हती. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी हे अवघड काम साधून दाखवले, आणि 2005 पासून प्रोसेसरमध्येच त्याची सोय होऊ लागली. 2007 साली व्हर्च्युअलबॉक्स ही मुक्त आज्ञावली आली. तोवर हेतू बदलला होता. वाटून घेण्यासाठी काढलेली युक्ती आता जपून ठेवण्यासाठी वापरता येत होती. कार्यप्रणाली, तिच्यातले गणिताचे कोष्टक, मोजणारी आज्ञावली, असा सगळा संसार एका फाइलीत बांधायचा आणि कोणत्याही संगणकावर नेऊन सोडायचा. मिखाएल हांके आणि यारोस्लाव्ह हालचेंको यांनी न्यूरोडेबियन या प्रकल्पात मज्जाशास्त्राच्या आज्ञावल्या डेबियन या मुक्त कार्यप्रणालीवर नीट लावून, असे तयार आभासी यंत्रच कोणालाही उतरवून घेण्यासाठी ठेवले होते.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघे तेच उतरवून घेऊन बसलो. या बोलीत खऱ्या संगणकाला यजमान आणि आतल्या आभासी यंत्राला पाहुणा म्हणतात. दिवाळीत हे शब्द मला फार आवडले. पण पाहुणा दारातच अडला. यजमान त्याला चौसष्ट बिटांची खोली द्यायलाच तयार होईना. दोन तास डोके खाजवल्यावर कळले की प्रोसेसरमधली ती सोय कारखान्यातून निघतानाच बंद ठेवलेली होती. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर जाऊन तिची कळ फिरवली आणि काम झाले. यजमानाच्या आठ जीबी स्मृतीतली चार पाहुण्याला दिली. त्याहून जास्त दिली असती तर यजमानच उपाशी राहिला असता. मग चित्रांचा फोल्डर दोघांत सामाईक केला, तर पाहुण्याला तो दिसे पण उघडता येईना. त्याचे नाव परवानगीच्या यादीत घालायचे राहिले होते. अखेर मेंदू मोजणारी आज्ञावली आत बसवली आणि यंत्राची त्या क्षणीची अवस्था जशीच्या तशी नोंदवून ठेवली. यापुढे आतले काही अद्ययावत करायचे नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

मग सेहेचाळीसही मेंदू पहिल्यापासून. एका वेळी दोन, आणि प्रत्येक जोडीला आठेक तास. घरात तुळशीच्या लग्नापर्यंत तो पंखा घुरघुरत राहिला. एकदा रात्री वीज गेली तेव्हा बॅटरी संपण्याआधी आम्ही पाहुण्याला आहे त्या स्थितीत झोपवले आणि सकाळी तेथूनच उठवले. आमचे हातयंत्र असे कधी झोपले नव्हते.

दोन गटांतला फरक निम्म्याहून कमी झाला. पण उरला. भाची बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. सुटका झाली म्हणून की घास गेला म्हणून, हे मी विचारले नाही. तिने एक प्रकरण नव्याने लिहिले, त्यात पहिली मोजणी का टाकून दिली ते स्पष्ट सांगितले, आणि प्रबंधाबरोबर आभासी यंत्राची फाइलही दिली. मार्गदर्शकांना ते प्रथम रुचले नव्हते. मला मात्र त्या एका पानाचे मोल उरलेल्या प्रबंधाहून अधिक वाटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पाहुण्याचा प्रोसेसर आभासी नसतो. आकडेमोड अखेर यजमानाच्याच प्रोसेसरवर होते. म्हणून सगळेच भेद मिटले अशी हमी देता येत नाही. 2015 साली आणखी एका संशोधनात दिसले की कार्यप्रणाली बदलली की गणिती फलांच्या शेवटच्या अंकात सूक्ष्म फरक पडतो आणि लांबलचक आकडेमोडीत तो वाढत जातो. आम्ही कार्यप्रणाली तर बांधून ठेवली होती, पण प्रोसेसरचे काय, ही रुखरुख मला होतीच. 2022 साली भाची नवा लॅपटॉप घेऊन आली तेव्हा मी कपाटातून जुनी डिस्क काढली. पाहुणा उठला, त्याच्या पडद्यावर आठ वर्षांपूर्वीचीच मांडणी होती. आम्ही पाच मेंदू निवडले आणि दोन दिवस वाट पाहिली. मग ती पडद्यावरचा आकडा वाचू लागली आणि मी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून बसलो. पाचही शेवटच्या दशांशापर्यंत जुळले.