चिकणमातीची पकड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हक्स्टेबल नांवाचे एक इंग्रज पाद्री शेतीच्या प्रयोगांत रमलेले असत. गोठ्यांतील खताचें काळपट पाणी त्यांनीं साध्या शेतमातीच्या थरांतून गाळून पाहिलें. वर ओतलें तें गडद व दुर्गंधियुक्त. खालीं उतरलें तें वर्णहीन व निर्गंध! गढूळपणा जाणें समजण्यासारखें आहे. परंतु पाण्यांत पूर्णपणें विरघळलेला पदार्थही माती धरून ठेविते, हें नवल होतें.

एच. एस. थॉम्प्सन या जमीनदारानें १८४५ सालीं अमोनियम सल्फेटचें द्रावण मातींतून सोडलें, तों खालीं जिप्सम उतरलें. म्हणजे मातीनें अमोनिया ठेवून घेतला आणि मोबदल्यांत चुना दिला. पुढें रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जे. टी. वे यांनीं १८५० सालीं दाखविलें कीं, ही करामत वाळूची नसून मातींतील चिकण अंशाची आहे. लीबिगसारख्या थोर शास्त्रज्ञानें प्रथम तें मानलें नाहीं, याचें आज आश्चर्य वाटतें.

१८५६ सालीं अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननें डांबरजन्य द्रव्यापासून जांभळा रंग बनविला. कृत्रिम रंगांचा व्यापार वाढला व त्यांचें सांडपाणी नद्यांत येऊं लागलें. मातीच्या या गुणाची गरज आतां खरी पडली. पण तिचा पक्षपातही उघड झाला. श्रोत्यांच्या घरीं असणारी मुलतानी माती घ्या. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें १८७६ सालीं निघालेला मेथिलीन ब्लू हा धनभारित रंग ती झडप घालून धरिते. इतका कीं, चिकणमातीचा कस मोजण्यास आजही तोच वापरतात. कापडाचे कित्येक रंग मात्र ऋणभारित. त्यांना ती दूर लोटते.

तेव्हां मातीसच जोड देणें आलें. १९४९ सालीं जॉर्डन यांनीं बेंटोनाइट मातीच्या पापुद्र्यांत लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसविल्याचें प्रसिद्ध केलें. ही माती तेलांत फुगे. रंगलेप व वंगण यांसाठीं ती हवी होती, पाण्याचा विचार मागाहून आला. क्षार पुरेसे भरले कीं पृष्ठभाग धनभारित होतो, ऋणभारित रंग त्यास चिकटतात, आणि बेंझीनसारखीं विषारी द्रव्यें त्या शेपट्यांच्या दाटींत शिरतात.

मात्र अशी संकरित माती रंगाचा नाश करीत नाहीं. पाण्यांतला रंग केवळ तिच्या अंगीं येतो. क्षार सैल बसले असल्यास तेच पाण्यांत उतरतात, हा आणखी एक धोका. पंचगंगेच्या परिसरांतील इचलकरंजीसारख्या गांवीं, जेथें कापड रंगविणें हाच अनेकांचा चरितार्थ, तेथें पाणी निवळलें तरी रंगानें माखलेली माती कोठें टाकावयाची याचा हिशेब आधींच करावा लागतो.