मिरजेची जवारी आणि आपले हेडफोन

"कुठल्या हेडफोनचा आवाज बरोबर?" ऑफिसात मला हे सगळेच विचारतात. आज उत्तर शोधायला मिरजेला जाऊ. आमच्या हातकणंगल्याहून रेल्वेत बसलं की जयसिंगपूर गेलं, आली मिरज.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या लोकांनी, सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. २०२४ मध्ये या वाद्यांना जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा जीव असतो जवारीत. घोडीचा माथा किंचित उतरता ठेवतात आणि त्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला की तार झणकारते. तो केसभर हलला तरी मूळ स्वर तोच राहतो, पण वरचे उपस्वर कमी-जास्त होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांची तार स्थिर असते, ते नेहमीच्या नियमाने उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते चक्क ऐकू येतात!

आता गंमत बघा. कुणाला खुली जवारी लागते, कुणाला बंद. कारागीर गाणाऱ्याची पट्टी आणि आवड विचारून ती काढून देतो. हेडफोनवाले ज्याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, तो इथे माणूस बघून ठरतो.

तिकडे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की आवाज बारीक केला की कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. शिवाय कानाच्या नळीत ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढतो, आणि नळी प्रत्येकाची थोडी वेगळी. तरी २०१० नंतर हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने अनेकांना ऐकवून, बहुतेकांना आवडेल अशी एक रेषा काढली. खर्ज किती हवा, यावर मात्र त्यांच्याही श्रोत्यांचं एकमत झालं नाही. वय आणि सवयीप्रमाणे आवड बदलत होती.

सरासरी वाईट नसते, आम्ही इंजिनिअर तिच्यावरच जगतो. पण उतारवयात आधी वरचे सूर जातात. माझ्या हेडफोनवर तंबोरा ऐकून आमचे आजोबा म्हणतात, "जवारी गेलीय याची." इक्वलायझरमध्ये वरचा भाग उचलून दिला की, "हां, आता खुलली." मला तोच आवाज टोचतो.