मांद्र्याची फेणी आणि जुन्या करारातले मद्य

१. लेखकाने मांद्र्याच्या काजूभट्टीची आणि जुन्या करारातल्या मद्याची इथे सांगड घातली आहे. ती मान्य होण्यासारखी नाही. पेडण्यात उन्हाळ्याच्या तोंडाला बोंडू गळू लागले की बिया काढून घेतात, बोंडू कोळमीत तुडवतात, रस दोन-तीन दिवस आंबू देतात आणि मग भाणात तापवून त्याची वाफ थंड करतात. पहिल्या धारेचे ते हुर्राक. पुन्हा भट्टीला लावले की फेणी. प्राचीन इस्राएली लोकांकडे ही ऊर्ध्वपातनाची कला नव्हती. त्यांचा द्राक्षारस काय किंवा सातूची, खजुराची दारू काय, सारे नुसते आंबवलेले. शिवाय काजूचे झाडच मुळात ब्राझीलचे; ते पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आले.

तुलना करायचीच तर माडाच्या सुरेशी करावी. रेंदेर सकाळी मडक्यात उतरवतो ती सूर ऊन चढेतो आपोआप फसफसू लागते, तिला भट्टी लागत नाही. खरे साम्य मात्र पूजाविधीत आहे आणि लेखकाच्या नजरेतून ते निसटावे याची हळहळ वाटते. उत्तर गोव्यात राखणदार दैवताला रोटाबरोबर सोरो, म्हणजे दारू, वाहतात. गणना २८:७ मध्येही रोजच्या होमार्पणासोबत मद्य ओतण्याची आज्ञा आहे. लेवीय १०:९ मात्र याजकांना ते पिऊन दर्शनमंडपात शिरण्याची बंदी करते. वाचकांनी ही दोन वचने शेजारी ठेवून पुढचे प्रकरण वाचावे. — संपादक