स्टॉर्मंटच्या विरोधी बाकांवर

साल १९३१. तुम्ही बेलफास्टमध्ये आहात. क्वीन्स विद्यापीठाजवळचं प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षणाचं कॉलेज, त्यातलं एक दालन आणि त्यात पाहुण्यांसाठी ठेवलेला बाक. उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाला दहा वर्षं झाली तरी अजून स्वतःची इमारत नाही, बिऱ्हाड इथंच आहे. कनिष्ठ सभागृहात जागा ५२. ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या, प्रोटेस्टंट समाजाच्या युनियनिस्ट पक्षाचं बहुमत एवढं पक्कं, की निवडणूक आली तरी सरकार कुणाचं येणार याची चर्चा होत नाही. समोर अखंड आयर्लंड हवा असलेले, कॅथलिक समाजाचे राष्ट्रवादी सदस्य बसलेत. ते बोलतात, दुरुस्त्या सुचवतात, मतदान मागतात आणि हरतात. पुन्हा बोलतात, पुन्हा हरतात.

आज मात्र त्यांचं एक विधेयक संमत होतंय. विषय आहे रानपक्ष्यांचं संरक्षण. पन्नास वर्षांच्या त्या विधिमंडळात राष्ट्रवाद्यांनी आणलेलं एवढं एकच विधेयक कायदा झालं, असं पुढं कायम सांगितलं जाणार आहे. पक्षी कुठल्याच चर्चमध्ये जात नाहीत, म्हणून निभावलं असावं.

आता १९६८ चा जून. शहराबाहेर स्टॉर्मंटच्या टेकडीवर पांढऱ्या दगडाची भव्य इमारत उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना ती दिसू नये म्हणून तिला डांबर आणि शेण फासलं होतं. ते खरवडून काढायला पुढं वर्षं लागली. समोर युनियनिस्टांचे नेते एडवर्ड कार्सन यांचा हात उगारलेला पुतळा. आत टायरोनचे तरुण आमदार ऑस्टिन करी घरवाटपाचा प्रश्न धसास लावू पाहताहेत. कॅलेडन नावाच्या खेड्यात लेकुरवाळ्या कॅथलिक कुटुंबांना डावलून सरकारी घर एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलंय. ती एका युनियनिस्ट पुढाऱ्याच्या वकिलाकडे कामाला आहे. सभागृहात काही हाती लागत नाही, तेव्हा २० जूनला करी स्वतः जाऊन त्या घरात ठाण मांडतात. पोलीस बाहेर काढतात. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन असा नागरी हक्कांचा पहिला मोर्चा निघतो. राष्ट्रवादी पक्षानं १९६५ मध्ये अधिकृत विरोधी पक्षाचा दर्जा स्वीकारला होता. १९६८ च्या ५ ऑक्टोबरला डेरी शहरात मोर्चावर लाठ्या पडल्यावर त्यानं तो सोडून दिला. आतला प्रश्न रस्त्यावर आला. पुढची तीस वर्षं त्या रस्त्यावर रक्तपात चालला. मार्च १९७२ मध्ये लंडननं हे विधिमंडळच गुंडाळलं.

१९९८ वर थोडंच थांबा. शांतता करार झालाय. आता एका समाजानं दुसऱ्यावर राज्य करायचं नाही, सगळ्या मोठ्या पक्षांनी मिळून सरकार चालवायचं. आमदारानं सदस्य म्हणून सही करताना आपण ‘युनियनिस्ट’, ‘नॅशनलिस्ट’ की ‘इतर’ हेही नोंदवायचं आणि नाजूक विषयांवर दोन्ही समाजांची मतं वेगळी मोजायची. रक्तपात थांबवायला ही रचना लागलीच. पण सगळेच सत्तेत बसले, तर मंत्र्याला धारेवर धरणार कोण? आपल्याकडे सर्वपक्षीय सोसायटीचे हिशेब कसे मंजूर होतात ते पाहिलेल्यांना हा प्रश्न फोड करून सांगायला नको. अधिकृत विरोधी पक्षाची सोय व्हायला २०१६ उजाडलं. तीही एका आमदाराच्या खासगी विधेयकातून: जॉन मॅकॅलिस्टर. त्याच वर्षी मे महिन्यात ते स्वतः निवडणूक हरले. अल्स्टर युनियनिस्ट १६ आणि राष्ट्रवादी बाजूच्या एसडीएलपी पक्षाचे १२ असे २८ जण, १०८ च्या सभागृहात, विरोधी बाकांवर जाऊन बसले.

आणि लगेच त्यांच्या हाती एक बॉयलर लागला.

२०१६ च्या शरदात समितीच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसा. लोकलेखा समितीची बैठक चालू आहे. अध्यक्ष विरोधी पक्षाचे, रॉबिन स्वान. (दिल्लीत हे पद विरोधकांना देण्याचा प्रघात १९६७ मध्ये पडला, पहिला मान मुंबईच्या मिनू मसानींचा.) टेबलावर महालेखापालांचा जुलैमधला अहवाल आहे. कोळसा-तेल सोडून लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवा, सरकार वीस वर्षं अनुदान देईल, अशी ती २०१२ ची योजना. ब्रिटनमधल्या मूळ योजनेत वर्षाला १,३१४ तासांनंतर अनुदानाचा दर एकदम खाली यायचा. बेलफास्टनं योजना उचलली आणि ती पायरी गाळली. अनुदान इंधनाच्या किमतीहून जास्त होतं. एक पौंडाच्या गोळ्या जाळा, सुमारे १.६० पौंड घ्या. जेवढं जाळाल तेवढी कमाई. एका निनावी पत्रानुसार एक शेतकरी रिकामी शेड तापवून वीस वर्षांत दहा लाख पौंड मिळवायच्या बेतात होता. लोक वर्षभर हीटर चालू ठेवून खिडक्या उघड्या टाकतात, असं एका उद्योजक बाईंनी योजना चालवणाऱ्या खात्याला कधीच लेखी कळवलं होतं.

आमदारांचा आवाज चढत नाही. इशारा आला तेव्हा फाइल कुणाकडे होती, ती पायरी गाळायचं कुणी ठरवलं, बैठकीचं टिपण कुठं आहे, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं जातं. खात्याचे सचिव चुका कबूल करतात. टिपणांचं उत्तर मात्र पुढं चौकशी आयोगासमोर मिळालं: माहिती अधिकारात बाहेर पडेल म्हणून मंत्र्यांच्या बैठकांची नोंदच न ठेवण्याची सवय लागली होती. विरोधकांची मोठी कमाई मला या शांत खोलीत दिसते. दूरचित्रवाणीला मात्र सभागृह दिसलं.

तेही बघून घ्या. १९ डिसेंबर २०१६, सोमवार. नाताळची सुट्टी मोडून सभागृह बोलावलंय. वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांचा जादा बोजा पडेल, असे आकडे पेपरात आलेत. योजना आली तेव्हा खातं आर्लीन फॉस्टर यांच्याकडे होतं. आता त्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारच्या दोन जोडप्रमुखांपैकी एक, आहेत. त्यांच्या निवेदनाला दुसरे जोडप्रमुख, राष्ट्रवादी शिन फेनचे उप फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनिस यांची संमती नाही, तरी सभापती परवानगी देतात. हरकतीच्या मुद्द्यांवर मुद्दे. मग सभात्याग. विरोधकांसोबत सरकारमधला दुसरा पक्ष, शिन फेन, हाही उठून जातो. गॅलरीतून तुम्हाला अर्ध्याहून जास्त बाकं रिकामी दिसतात आणि त्यांच्यासमोर फॉस्टर आपल्या पक्षाला खेद वाचून दाखवताहेत.

पुढं त्यांना सहा महिने पदावरून दूर करण्याच्या ठरावावर मतदान. बाजूनं ३९, विरुद्ध ३६. ठराव पडला! समाजनिहाय मोजणीत युनियनिस्ट बाजूचा आवश्यक पाठिंबा नव्हता आणि शिन फेन तटस्थ राहिला. शेजारी बसलेला परदेशी वार्ताहर तुम्हाला हे दोनदा समजावून सांगायला लावेल.

ठराव पडला, पण तीनच आठवड्यांत, ९ जानेवारी २०१७ ला, मॅकगिनिस यांनी राजीनामा दिला आणि सरकार कोसळलं. मार्चच्या निवडणुकीनंतर जवळपास तीन वर्षं विधिमंडळाचं कामकाज ठप्प होतं. हे विरोधकांचं यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जाब विचारायचा तर ज्याला विचारायचा तो मंत्री खुर्चीत हवा. तीन वर्षं खुर्चीच रिकामी होती आणि कारभार सचिव हाकत होते. चौकशी आयोगाचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. मुळाशी भ्रष्टाचार नव्हता, गलथानपणा होता, असा त्याचा निष्कर्ष. चोर सापडला असता तर लोकांचं समाधान तरी झालं असतं.

शेवटची उडी ३ फेब्रुवारी २०२४. आणखी दोन वर्षांच्या बंदनंतर दारं उघडलीत. मिशेल ओनील या फर्स्ट मिनिस्टर होणाऱ्या पहिल्या राष्ट्रवादी नेत्या. मोठे चारही पक्ष सरकारात. सभागृह आता ९० जागांचं, आणि विरोधी बाकांवर एसडीएलपीचे आठ आणि त्यांचे नेते मॅथ्यू ओटूल. आठ मतांनी काहीच पडत नाही. म्हणून ते एक साधा प्रश्न धरून बसतात: सरकारचा कार्यक्रम कुठाय? कागदावर काहीच नसेल, तर मोडलं काय हे तरी कशावरून ठरवायचं? मसुदा सप्टेंबरमध्ये येतो, पक्का दस्तऐवज २०२५ च्या मार्चच्या तोंडावर. लगेच पुढचा प्रश्न येतो: यात आकडे आणि तारखा इतक्या थोड्या का?