तळटीप १७ : बाबाजी बल्लाळशाह आणि वैरागड

मूळ मजकुरात लेखकाने त्यांना ‘वैरागडचे राजे’ म्हटले आहे. बाबाजींची गादी चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची. वैरागड हे त्यांच्या ताब्यातले ठाणे. हे गाव आता गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात येते. (१९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता.) अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या गोंड राजाची नोंद सापडते : १,००० स्वार, ४०,००० पायदळ, वैरागडला हिऱ्याची खाण, नक्षीदार कापडाचे विणकाम आणि आसपासच्या रानात हत्तींचे कळप. वैरागड त्यांनी नुकतेच दुसऱ्या एका सरदाराकडून जिंकले होते, असेही अबुल फजल लिहितो. पायदळाचा आकडा फुगवलेला असू शकतो. पण एका स्वारामागे चाळीस प्यादे हे प्रमाण या मुलखाला साजेसेच आहे. सागवान-बांबूच्या दाट रानात, पावसाळ्यात फुगणाऱ्या नाल्यांच्या काठी घोडदळाचा उपयोग तो किती होणार? खाण, विणकर आणि फौज सांभाळणाऱ्या या राजाला रानातला किरकोळ टोळीप्रमुख समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी तो फार काळ चालू दिला. खोब्रागडी नदीजवळचा वैरागडचा भुईकोट, त्याचा खंदक आणि गावातले भंडारेश्वराचे मंदिर आजही पाहता येते. चांद्याची गोंड गादी १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेली.

— संपादक